गेमस्टिक नको, मूळ डिस्क जमवा : सोलापूरच्या वाचनालयांना खुलं पत्र

प्रति,
कार्यवाह व कार्यकारी मंडळ,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व सार्वजनिक वाचनालये

विषय : बालविभागात व्हिडिओ गेम ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

शहरातल्या एका वाचनालयाने उन्हाळी सुट्टीसाठी बालविभागात टीव्हीला लावायची गेमस्टिक घ्यायचं ठरवलंय, आणि आणखी एक-दोन वाचनालयं त्याच विचारात आहेत, असं कानावर आलं. मुलांनी वाचनालयाची पायरी चढावी म्हणून कुणीतरी कपाटांच्या पलीकडे बघतंय, याचं कौतुकच आहे. पण जी वस्तू घ्यायची ठरतेय ती चुकीची आहे. ठराव अजून इतिवृत्तात चढला नसेल तर हे पत्र आधी वाचा. चढला असेल तरी वाचा, बिल कदाचित अजून निघालं नसेल.

ज्यांनी ही स्टिक पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अंगठ्याएवढं यंत्र, टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसणारं, सोबत दोन बिनवायरचे रिमोट आणि एक मेमरी कार्ड. नवी पेठेत मी विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "मालक, वीस हजार गेम हायत. आयुष्य सरंल, गेम सरायचे न्हाईत." त्याचं म्हणणं अर्धं खरं. एकच मारिओ कपडे बदलून पन्नास नावांनी त्यात बसलेला असतो. पण दुप्पट-तिप्पट सोडून दिले तरी हजारो गेम उरतात, आणि त्यातल्या एकाही गेमसाठी मूळ कंपनीला दमडी दिलेली नसते. इतकंच नाही, हे गेम चालवणारे इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारे प्रोग्रॅम, तेसुद्धा बऱ्याचदा ढापलेले असतात. 'स्नेस-नाइन-एक्स' नावाचा एक जुना, उत्तम इम्युलेटर फुकट मिळतो. त्याच्या परवान्यात धंद्यासाठी वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय.

पायरेटेड कादंबरीला तुम्ही दाखल अंक देत नाही. पुस्तक नव्या कोऱ्या छपाईचं दिसलं, अर्ध्या किमतीत मिळालं, तरी बिलाशिवाय ते रजिस्टरात चढत नाही. मग वीस हजार पायरेटेड कृतींना एकाच दाखल अंकाने आत कसं घेणार?

आणि कायद्याच्या लेखी या 'कृती'च आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त मोडतो. तुमच्या कपाटातली कादंबरी आणि कार्ट्रिजमधला, म्हणजे यंत्रात खोचायच्या डबीतला, गेम एकाच रकान्यात. त्यातलं कलम ६३-बी सांगतं की प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. कुणी पोलीस बालविभागात येईल असं मला वाटत नाही. पण सार्वजनिक संस्थेने 'पकडलं तर बघू' म्हणायचं नसतं.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलची डिझाइनं करतो. जुने कन्सोल, म्हणजे गेम खेळायची यंत्रं, आणि त्यांच्या मूळ डिस्क जमवणं हा छंद. वकील नाही, कायद्याचा मजकूर मात्र ओळ न् ओळ वाचलाय. तरी ठरावाआधी मंडळातल्या वकिलाला हे पत्र दाखवाच.

इम्युलेटर म्हटलं की चोरी, असा एक समज आहे, तो आधी दूर करतो. सोलापुरात हे समजावणं सोपं. चादरीची नक्षी मागात नसते, जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. ज्या मागासाठी पुठ्ठे पाडले तो भंगारात गेला की पुठ्ठ्यांची रद्दी होते. पण कुणी ती भोकं वाचून संगणकावर उतरवली, तर तीच नक्षी आजच्या इलेक्ट्रॉनिक जकार्डवर जशीच्या तशी विणता येते. कार्ट्रिज म्हणजे पुठ्ठे, कन्सोल म्हणजे माग, आणि इम्युलेटर म्हणजे जुन्या मागाचं हुबेहूब सोंग घेणारा नवा माग. नव्या मागाला कुणी हरकत घेत नाही. नक्षी कुणाची, हे मात्र विचारावं लागतं.

सोंग घेणं आता अवघडही राहिलेलं नाही. निन्टेंडोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानात आला, त्याचा प्रोसेसर जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामाची मेमरी २ केबी. १९८५ चा आख्खा सुपर मारिओ ब्रदर्स ४० केबीत बसतो. सकाळी येणारा 'शुभ प्रभात'चा फोटो त्यापेक्षा जड असतो. अमेरिकेत सोनीने कनेक्टिक्स या कंपनीवर खटला भरला होता, प्लेस्टेशनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम विकल्याबद्दल. २००० साली तिथल्या अपील न्यायालयाने, असा प्रोग्रॅम बनवण्यासाठी मूळ यंत्राची उकल करणं रास्त ठरवलं. तो निकाल आपल्याला बांधील नाही, पण आपल्या कायद्यातही प्रोग्रॅमचं काम कसं चालतं ते अभ्यासायला आणि एका प्रोग्रॅमचं दुसऱ्याशी जुळवून घ्यायला कलम ५२ मध्ये सवलत आहे.

आता नक्षीकडे. खासगी वापरासाठी 'रास्त व्यवहार' ही जी सवलत पुस्तकाला, चित्राला, गाण्याला मिळते, त्यातून संगणक प्रोग्रॅम नाव घेऊन वगळलाय. त्याच्यासाठी वेगळे खंड आहेत. कलम ५२ (१) चा खंड (एए) म्हणतो, प्रत ज्याच्याकडे कायदेशीर मार्गाने आहे, तो ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामासाठी वापरायला, किंवा मूळ प्रत खराब होईल म्हणून जपणुकीसाठी, त्या प्रतीवरून दुसरी काढू शकतो. खंड (एडी) स्वतःच्या, बिनव्यापारी वापरासाठीच्या प्रतीला मुभा देतो.

'त्या प्रतीवरून' हे शब्द नीट बघा. घरात डिस्क आहे ना, मग तोच गेम इंटरनेटवरून उतरवला तर काय बिघडलं, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. कलम तसं म्हणत नाही. प्रत आपल्याच डिस्कवरून काढायची. चोवीस तासांत फाइल डिलीट केली तर गुन्हा होत नाही, हीदेखील अशीच एक लोणकढी. कायद्यात असं कुठेही नाही.

इथे आमच्या पिढीची खरी पंचाईत होते. नव्वदच्या दशकात सोलापुरात ज्यांनी घरी टीव्ही गेम खेळला, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी खरा निन्टेंडो पाहिला असेल. आमच्याकडे होते ते मीडिया, लिटल मास्टर. फॅमिकॉमच्याच नकला. नऊ व्होल्टचा ॲडॅप्टर, मागे अँटेनाची वायर, चॅनल जुळवता जुळवता मुंग्या, आणि एकदम काँट्रा गेमचं गाणं. पिवळ्या कार्ट्रिजवर '९९९९९९ इन १' असं लिहिलेलं. ते कार्ट्रिज उघडलं की आत बोटभर पट्टी दिसते आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडावा तसा काळा गोळा. त्या गोळ्याखाली चिप. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, साल नाही. गेम मोजून दहा-वीस, बाकी त्यांचीच पुनरावृत्ती. आपण गड्ड्याच्या जत्रेत किंवा दुकानात रोख पैसे मोजले, घासाघीस केली, जपून वापरलं, सगळं खरं. पण ते पैसे जपानपर्यंत पोचलेच नाहीत. प्रत मुळातच बेकायदा, म्हणून तिच्यावरून काढलेली प्रतही बेकायदा.

तेव्हा कुणी सभासद प्रेमाने पिवळी कार्ट्रिजं आणून देईल, त्याला नाही म्हणा. मुस्तफाचंही तेच. पार्लरमध्ये कॉइन टाकून आपण जो 'मुस्तफा' खेळलो, तो कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. तो घरच्या कन्सोलवर कधी आलाच नाही, त्यामुळे त्याची मूळ डिस्क नावाची चीजच नाही. गेमस्टिकवर मात्र तो पहिल्या पानावर असतो, आणि पालक त्याच्यासाठीच स्टिक घेतात. मलाही मोह होतो. पण नाही म्हणजे नाही.

मग उरलं काय? वाटतं त्यापेक्षा बरंच. प्लेस्टेशन २ सोनीने भारतात बरीच वर्षं अधिकृतपणे विकला. त्याच्या आणि पीएसपी या सोनीच्याच हातात धरायच्या कन्सोलच्या मूळ डिस्क आजही घराघरांत माळ्यावर पडून आहेत. सेगाची मूळ कार्ट्रिजं क्वचित सापडतात. दुबईच्या काकांनी आणलेला गेमबॉय एखाद्या कपाटात असतोच. प्लेस्टेशन १ च्या मूळ डिस्कची पाठ काळीशार असते. घरी राइट केलेल्या सीडीची पाठ सहसा हिरवट किंवा जांभळट दिसते, आणि वर मार्करने 'टेकन ३' लिहिलेलं असलं की तपासायची गरजच नाही.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

संगणक प्रोग्रॅमची प्रत व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क मालकाचा आहे, म्हणून गेम पार्लरवाल्याला परवानगी लागते. पण २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात 'व्यापारी भाडे' याची व्याख्या घातली, कलम २ चा खंड (एफए). त्यात म्हटलंय की ना-नफा ग्रंथालयाने किंवा ना-नफा शिक्षणसंस्थेने, नफ्याचा हेतू न ठेवता, कायदेशीररीत्या मिळवलेली प्रत भाड्याने किंवा उसनी दिली तर ते व्यापारी भाडे नव्हे. आणि प्रत कशाची? ध्वनिमुद्रणाची, दृश्यमुद्रणाची, चित्रपटाची, आणि संगणक प्रोग्रॅमची. चारही नावं तिथे आहेत. मला, तुम्हाला व्यक्ती म्हणून, किंवा सात रस्त्यावरच्या दुकानदाराला ही सूट नाही. ग्रंथालयाला आहे. दहा वर्षांहून जास्त काळ हा दरवाजा तुमच्या नावाने उघडा आहे, आणि आपण चोरदरवाजाने आत शिरायचा ठराव करतोय.

म्हणून माझी विनंती अशी. गेमस्टिकचे पैसे वाचवा आणि सभासदांना आवाहन करा: मूळ डिस्क, मूळ कार्ट्रिज, चालू किंवा बंद कन्सोल, रिमोट, जमलं तर जुनं बिल. प्रत्येक डिस्कला पुस्तकासारखा दाखल अंक द्या आणि पुस्तकासारखीच आठवड्यासाठी घरी द्या. हॉलमध्ये खेळायला मूळ कन्सोल ठेवा. तो दमला की आपल्याच डिस्कवरून काढलेली प्रत इम्युलेटरवर चालवा आणि तेवढा वेळ डिस्क कुलपात. एका डिस्कवर एका वेळी एकच खेळ, मग तो घरी असो नाहीतर हॉलमध्ये. घरी देण्याबद्दल कायदा जितका स्वच्छ बोलतो तितका हॉलमध्ये खेळू देण्याबद्दल बोलत नाही. म्हणून ते सभासदांपुरतं आणि पूर्ण फुकट ठेवा. तासाला दहा रुपये लावलेत की तुमचं पार्लर झालं आणि (एफए)चं छत्र गेलं.

प्रत काढणं हे शनिवार दुपारचं काम आहे. प्लेस्टेशन २ ची डिस्क साध्या डेस्कटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचली जाते. आधी ती पुसायची, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत; गोल गोल पुसलं तर ओरखडा डेटाच्या रांगेलाच लागून जातो आणि ड्राइव्ह अडकते. सोलापूरची धूळ आणि मे महिना बघता मऊ कापड नेहमी हाताशी हवं. मग आयएसओ, म्हणजे आख्ख्या डिस्कची एकच फाइल, काढायची, आणि तिचा चेकसम, म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा, 'रिडम्प' या जगभरच्या छंदिष्टांनी बांधलेल्या यादीशी ताडून बघायचा. जुळला तर तुमची प्रत बिट न् बिट खरी. नाही जुळला तर ओरखड्यामुळे वाचन चुकलेलं असू शकतं, ती आवृत्ती यादीत नसू शकते, किंवा डिस्क नकली असू शकते. कार्ट्रिजसाठी अर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवर बांधायचा कार्ट रीडर आहे, त्याचं डिझाइन सगळ्यांना खुलं आहे. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या कुठल्याही पोराला तो जमेल. एकच विनंती: कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नका. लहानपणीचा तो मंत्र होता खरा, पण तोंडातल्या वाफेने पिना गंजतात. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते.

बंद पडायला आलेला प्लेस्टेशन २ भंगारात देऊ नका, असं मी आवर्जून सांगतोय त्यालाही कारण आहे. त्याचा इम्युलेटर पीसीएसएक्स-२ फुकट आहे, पण तो चालायला कन्सोलच्या पोटातला बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम, लागतो, आणि बायॉस सोनीच्या मालकीचा. तो इंटरनेटवरून घेणं म्हणजे पुन्हा तेच पाप. आपल्याच यंत्रातून काढायचा, आणि त्यासाठी यंत्र निदान एकदा तरी चालू व्हायला हवं. फॅमिकॉमच्या इम्युलेटरना ही कटकट नाही.

नवं विकत घेता येत नाही का, असं कुणी विचारेल. येतं. कोनामीने २०१९ मध्ये जुन्या काँट्रांचा अधिकृत संच काढला. पण स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानातली खरेदी व्यक्तीच्या खात्यावर आणि व्यक्तीच्या वापरापुरती असते. संस्थेला ती सोयीची नाही. शिवाय दुकान माल कधीही उचलून नेतं. सेगाने आपल्या मेगा ड्राइव्ह या जुन्या कन्सोलच्या गेमचा डिजिटल संच डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून काढून घेतला. आधी घेतलेल्यांचा राहिला, बाकीच्यांनी हात चोळावेत. वाचनालयाला जास्त उपयोगाची वाट दुसरी: जुन्या कन्सोलसाठी आज नवे गेम लिहिणारे लोक आहेत. 'मायक्रो मेजेस' हा २०१९ चा गेम मारिओएवढ्याच ४० केबीत बसवलाय, चार जण एकाच पडद्यावर खेळतात, आणि पैसे भरले की फाइल मिळते. अशा छोट्या मंडळींना मेल टाकून वाचनालयापुरती लेखी परवानगी मागता येते.

मुलं आधीच मोबाइलमध्ये बुडालीत, त्यात आणखी भर कशाला, हा आक्षेप मंडळात नक्की येणार. त्यावर एवढंच म्हणतो की जुन्या गेममध्ये जाहिरात नाही, 'हिरे विकत घ्या' नाही, रात्री अकराला बोलावणारं नोटिफिकेशन नाही. तीन जीव संपले की रिमोट शेजारच्याला द्यावा लागतो. बाकी शिस्त लावायला तुमचे ग्रंथपाल समर्थ आहेत.

मला मुलांइतकीच चिंता डिस्कची आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात कुठेच मिळत नव्हते. ही झाली अमेरिका. आपल्याकडे हैदराबादच्या ऑरोनाने २००९ मध्ये 'हनुमान : बॉय वॉरियर' हा प्लेस्टेशन २ साठीचा पहिला भारतीय बनावटीचा गेम केला. त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्राने 'देसी अड्डा' काढला, कबड्डी-पतंग असे आपले खेळ घालून. गेम म्हणून दोन्ही सामान्यच, 'हनुमान' तर रटाळ. पण इतिहास म्हणून? सोलापूरच्या निम्म्या पूर्व भागाचे पाहुणे तेलंगणात. एखादी डिस्क तरी साखर पेठेतल्या कुठल्या ट्रंकेत असणार. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवावी लागते, नंतर त्यात वृत्तपत्रंही आली. गेमची प्रत कुठेच जात नाही. ती एक तर तुमच्याकडे राहील, नाही तर भंगारवाल्याकडे.

यात एक खोच आहे, ती तुमच्या ग्रंथालय संघाने दिल्लीला कळवावी. कलम ५२ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायची खास मुभा आहे, पण अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची 'बिगर-डिजिटल' प्रत आधीपासून असली पाहिजे. पुस्तकाला हे लागू पडतं. डिस्क जन्मतःच डिजिटल, म्हणून जे सगळ्यात आधी सडणार तेच या मुभेच्या बाहेर राहतं. कॉपीराइटचा विषय आता वाणिज्य मंत्रालयाच्या उद्योग संवर्धन विभागाकडे आहे. एक शब्द बदलला तर काम होईल. तोवर खंड (एए) आणि (एफए) यांच्यावर भागतं.

माझ्याकडून सुरुवात म्हणून प्लेस्टेशन २ चा एक चालू कन्सोल, त्याच्या मूळ डिस्क बिलांसकट, आणि डीव्हीडी ड्राइव्ह असलेला जुना डेस्कटॉप देतो. अनुदानातून एक पैसा मागत नाही. ज्या मंडळाला विषय पत्रिकेवर घ्यायचा असेल त्यांनी बैठकीची तारीख तुमच्याच सूचनाफलकावर लावा, मी सामान घेऊन येतो. आणि स्टिक घेऊन झालीच असेल, तर दुकानदाराकडे बदलून एखादा साधा यूएसबी रिमोट मागा. तो इम्युलेटरला लागतोच.

आपला,
साखर पेठेतला एक आजीव सभासद